पेवातून चुलीपर्यंत

प्रवेशपरीक्षा झाली की लातुरातली आमची गल्ली एका दुपारीत रिकामी होते. ऑटोच्या टपावर गुंडाळलेल्या गाद्या, बादल्यांत कोंबलेली पुस्तकं, दोरीनं आवळलेले कूलर. मागच्या सीटवर पोरं बसलेली असतात आणि शेजारी त्यांच्याहून दमलेले आईबाप. संध्याकाळी मेसचे बाक भिंतीला उभे लावले जातात. तळघरातल्या अभ्यासिकेत मालक एकटाच फिरत एकेक पंखा बंद करतो. वर्षभर पोरांनी सोडलेले श्वास त्या जिन्यावरून वर येतात आणि दारात जरा थबकतात. तिथून जाताना मी नकळत श्वास धरते.

मी इथल्याच एका क्लासमध्ये काम करते, प्रश्नपत्रिका जुळवणाऱ्या खोलीत. खोली मागच्या बाजूला आहे आणि दिवसभरात मला फारसं कुणाशी बोलावं लागत नाही. या कामात मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. शाळेत मी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचे ते पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. वर्गात हजर असून गैरहजर लागलेली मुलगी म्हणून माझी ख्याती होती. मॅडम आईला म्हणाल्या होत्या, हिला बोलतं करा. आईनं प्रयत्न केले, मग सोडून दिले.

तर हे मधले दिवस. परीक्षा झालेली, निकाल नाही. डांबर चपलेला धरून ठेवतं, डाळ मिलचा भुसा हवेत तरंगत असतो आणि दुपारी रस्त्यावर फक्त बंद शटरं दिसतात. मला हे दिवस आवडत नाहीत. ते आले की नाकात एक आंबूस, जुनाट वास येतो आणि गावाकडचं अंगण दिसतं. अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीला पडलेलं एक काळं तोंड दिसतं.

ज्या वर्षी मी स्वतः त्या तळघरात अभ्यास करून परीक्षा दिली, त्या वर्षीची ही गोष्ट. माझीही गादी अशीच ऑटोवर चढली होती. आईबाबा दोघंही नांदेडला नोकरीत. दिवसभर घरात एकटी बसून पोर डोकं खराब करून घेईल, म्हणून निकालापर्यंत मला गावी मोठ्या आईकडे पाठवलं. गाव मुदखेडपासून आत. स्टेशनवर उतरायचं, काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि केळीच्या बागा लागल्या की समजायचं, आलं. बागांच्या कडेची पानं उन्हानं करपून चिंध्यांसारखी लोंबत होती. आतली मात्र हिरवीगार होती. मला वाटलं, कडेला उभं राहणाऱ्यांचं असंच होत असेल.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काकांना आम्ही मोठे बाबा म्हणतो. म्हणजे, फोटोकडे बघून म्हणतो. मी जन्मायच्या आधीच ते गेले. त्यांचा मुलगा दत्तादादा तेव्हा रांगत होता. मोठे बाबा पेवात गुदमरून गेले, एवढं मला माहीत होतं. पेव हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता, क्लासेसचं पेव फुटलं वगैरे. जमिनीखाली धान्य साठवायच्या खोल कोठाराला पेव म्हणतात, हे मला बाबांनी सांगितलं होतं. आमचं पेव कुठं होतं, हे मी विचारलं नव्हतं. शेतात कुठंतरी असेल, असं मी धरून चालले होते. दत्तादादाही तसंच धरून चालला होता.

त्या उन्हाळ्यात दादा नवं घर बांधत होता. जुनं माळवदाचं घर अर्धं उतरवून झालं होतं. छताच्या लाकडी सऱ्या अंगणात रचलेल्या, माळवदाची पांढरी माती बाजूला ढीग घालून ठेवलेली. उभी राहिली होती फक्त चुलीची खोली, कारण जेवायला तर लागणारच. बाकीचे आम्ही सगळे लिंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. सकाळपासून पहारीचे आवाज, धूळ, रेडिओ आणि शादुल मामूंचा खोकला. शादुल मामू म्हणजे मुदखेडचे गवंडी. आमच्या गावातली निम्मी घरं त्यांनी बांधलेली. दादाला ते लहानपणापासून ओळखत आणि त्याच्यावर लहानपणापासूनच ओरडत.

अंगणाच्या कोपऱ्यात एक मोठा रांजण उपडा घातलेला असे. मी लहानपणापासून तो तसाच पाहिला होता. त्यात कधी पाणी भरलं नाही, तो कधी कुणी हलवला नाही. दादानं खांबाचा खड्डा घ्यायला तो ढकलून बाजूला केला आणि खाली पहार घातली. पहिल्या दोन घावांत मुरूम उडाला. मग आवाज बदलला.

"मामू, बघा कसा आवाज येऊन राहिला," दादा म्हणाला.

मामूंनी पहार घेऊन हळूच टेकवली, एकदा इकडं, एकदा तिकडं. मग दादाच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं. "खाली पोकळ हाय. तू हट पहले. हट म्हणलं ना!"

मुरूम हातानं सारला तेव्हा एक गोल घडीव दगड दिसला, झाकणासारखा, कडेला चुन्यानं लिंपलेला. तोवर कुंपणापाशी माणसं जमलीच. "हंडा घावला का रे दत्त्या? गावाला वाटा दे बरं!" "आधी नागोबा निघतंय, मंग हंडा. मामूला पुढं घाल." मामू म्हणाले, "मला कामून? तुमचा नाग, तुमीच दूध पाजा." सगळे हसले. दादाही हसला, आणि हसत हसतच त्यानं दगडाच्या फटीत पहार घातली.

तेव्हा मोठी आई चुलीच्या खोलीतून बाहेर आली. हाताला पीठ होतं. तिनं दगड पाहिला आणि ती उंबऱ्यावरच बसली.

"दगड काढू नका," ती म्हणाली. "दत्ता, तुझा बाप हितंच गेला."

दादाच्या हातातली पहार तशीच राहिली.

"हितं? अंगणात? अन मी हितं गोट्या खेळलो?"

"खेळला. म्हणून तर सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर पाय ठिवला नसता तू अंगणात."

दादानं पहार खाली ठेवली, तीही आवाज होऊ नये अशी.

लोक मला गोष्टी सांगतात. मी विचारत नाही म्हणून असेल. त्या संध्याकाळी मोठी आई मला घेऊन डाळ निवडत बसली. दादा मामूंना मुदखेडला सोडायला गेला होता. डाळीतले खडे बाजूला काढत, माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली.

त्या दिवशी सकाळीच पेवाचं तोंड उघडलं होतं. रीत अशी की पेव उघडलं की त्यात लगेच उतरायचं नाही. दिवसभर, रातभर त्याला हवा खाऊ द्यायची. मग कंदील सोडून बघायचा. सगळ्यांना माहीत असलेली रीत. पण दुपारी पाहुणे आले. घरातल्या ज्वारीचं शेवटचं पीठ परातीत होतं.

"मीच म्हणले, सांजच्याला दळण न्हाई," मोठी आई म्हणाली. "ते म्हणले, बघतो. मला वाटलं, शेजाऱ्याकडनं आणतेत. मी भाकरी थापून राहिले होते, माय. तेवढ्यात एक आवाज आला. घुमल्यावानी. मला वाटलं, पारवा घुमतंय. माळवदावर लई पारवे असायचे तव्हा. मी भाकरी उलटली. पीठ सरलं तव्हा बाहेर आले, तर टोपी पेवाच्या काठावर."

खडा सापडला म्हणून ती थांबली. तो तिनं अंगणात फेकला.

"लोकं म्हणले, आत गेल्याबरोबर गेले आसतील, हाक मारायला बी टाइम भेटला नसल. हे म्हणाय सोपं हाय. तो पारवा व्हता का ते व्हते, एवढंच मला कळलं न्हाई. आजवर न्हाई कळलं."

मी ताटलीत बघत राहिले.

"आता तोंड उघडणारच हाय. मामू म्हणतो, पोकळीवर खांब उभा करता येत न्हाई, दगड-मुरूम घालून बुजवाय लागतंय. अन त्याच्यामागं ही चूल पडणार. मंग कसं कळायचं?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "कुणीतरी आतून हाक मारावी. मी हितं चुलीपुढं बसते. आला न्हाई आवाज, तर तो पारवाच व्हता. शब्द शब्द कळला, तरी बी पारवाच व्हता. मला शब्द कळला नव्हता. मंग मी सुटले."

तिसरी शक्यता तिनं बोलून दाखवली नाही.

"दादाला सांग," मी म्हणाले.

"लेकाला कसं सांगू? बाप गेला तिथं उभा राहून बापावानी वरड म्हणून?"

हे खरं होतं. मी म्हणाले, "मी उतरते." आणि मलाच माझा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला. मोठ्या आईनं ताटली खाली ठेवली. कपाळावर हात मारून घेतला, मग तोच हात माझ्या डोक्यावरून फिरवला. "तुझ्या बापाला काय तोंड दावू, काई झालं तर? न्हाई. आधी पेवाला हवा खाऊ दे. मंग मामू उतरंल. मंग बघू."

मंग बघू म्हणजे होकार होता.

त्यानंतरचे दिवस मोठ्या आईनं सगळ्यांना धाकात ठेवलं. दगड काढायच्या आधी तिनं कोपऱ्याभोवती बाजा आडव्या घालून कुंपण केलं. शेजारची पोरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांना बंदी. दगड निघाला तेव्हा पहिल्यांदा वास वर आला. आंबलेल्या कण्यांचा, ओल्या राखेचा, आणि त्याच्या तळाशी कशाचा तरी गोडसर. अपघातानंतर आतली ज्वारी कुणी काढली नव्हती. त्या ज्वारीची भाकरी कोण खाणार? दगड बसवून, लिंपून, सगळं होतं तसं बंद केलं होतं.

पहिल्या दिवशी मामूंनी कंदील सोडला. तोंडातून जेमतेम खांदे जातील एवढी जागा. कंदील गळ्यातून खाली गेला, पोटाशी पोचला आणि कुणी फुंकावा तसा विझला. वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा त्याच खोलीवर विझला. जसं काही तिथं एक पृष्ठभाग होता, न दिसणाऱ्या पाण्याचा. मला ते सूत्र पाठ होतं. नुकतीच त्यावर परीक्षा देऊन आले होते. साठवलेलं बीसुद्धा श्वसन करतं, हवेतला ऑक्सिजन घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि तो जड असल्यानं तळाशी साठतो. मी चार पर्यायांपैकी बरोबर पर्याय निवडला असता. पण बी अंधारात पडून श्वास घेत राहतं आणि शेवटी माणसासाठी श्वासच उरत नाही, हे मला त्या विझणाऱ्या कंदिलाकडे बघताना कळलं.

मी दादाला हळूच म्हणाले की वरून नुसतं उघडं ठेवून जड हवा निघणार नाही, ती ढकलावी लागेल. त्यानं उफणणीचा पंखा आणला, मळणीनंतर भुसा उडवायला वापरतात तो विजेचा. ताडपत्री शिवून तिचा लांब पाइप केला आणि त्याचं टोक तळापर्यंत सोडलं. लाइट असेल तेव्हा पंखा चालायचा. नसेल तेव्हा मामू लिंबाच्या डहाळ्यांचा जुडगा दोरीला बांधून वर-खाली, वर-खाली हलवत बसायचे, विहिरीतून काही काढत असल्यासारखे. मोठी आई चुलीच्या खोलीच्या दारातून बघत राहायची. कंदील रोज थोडा आणखी खाली जाऊन विझायचा. मग एका दिवशी तो तळाला टेकला आणि जळतच राहिला. मोठ्या आईनं त्यावरही विश्वास ठेवला नाही. रॉकेल संपून तो आपोआप विझेपर्यंत तसाच ठेवायला लावला.

मग मामू उतरले. कमरेला दोर, दोराचं टोक लिंबाच्या बुंध्याला, मध्ये दादा. मामू खालून सारखे बोलत होते, न थांबता, कारण मोठ्या आईचा तसा हुकूम होता: बोलणं थांबलं की ओढायचं. "हौ, मी हाय. अजून हाय. शिडी टेकली. अरे काय काम केलंय रे लोकांनी! दत्ता, तुझ्या स्लॅबला असं जमणार न्हाई, सांगून ठेवतो."

मामू वर आल्यावर दादानं दोर स्वतःच्या कमरेला बांधायला घेतला.

"तू न्हाई," मोठी आई म्हणाली.

"माय, मी लेकरू हाय का आता?"

"माझं हायस."

"मामू आले न्हाई का जित्ते? मला बघू दे. मी त्यांला कव्हा बघितलंच न्हाई."

मोठी आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तो वर येईपर्यंत तशीच राहिली. दादा लवकर वर आला. कुणाशी न बोलता हौदावर गेला आणि पाय धूत बसला, फार वेळ. कुंपणापाशी कुणीतरी विचारलंच, "हंडा हाय का न्हाई?" मामूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो माणूस लगेच घराकडे निघाला.

आता ते घर उभं राहिलंय. पेवाच्या जागी हॉलचा कोपरा आहे. तिथं पांढरी फरशी आणि तिच्यावर दादाच्या मुलीची तीनचाकी. मी दिवाळीत जाते तेव्हा पाहुण्यांसारखी सोफ्यावर बसते आणि त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळते. त्या परीक्षेचा निकाल पुढं लागला. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आईनं रडून घेतलं. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मला मात्र त्याचं जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. त्या वर्षीचं माझं सगळं वाटणं निकालाच्या आधीच कुठंतरी खर्च होऊन गेलं होतं.

मी उतरले ती दुपारची वेळ होती. मोठ्या आईनं तीच निवडली. पाहुणे आले होते तेव्हाचीच वेळ. दादाला मी एवढंच म्हणाले की मलाही बघायचंय. "तू?" तो म्हणाला. "तुला पालीची भीती वाटती." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं दोर घेतला आणि माझ्या कमरेला गाठ मारून दोनदा ओढून पाहिली.

त्याच्या आधी मी चुलीपाशी जाऊन मोठ्या आईला विचारलं होतं, "ते तुला काय म्हणून हाक मारायचे?"

ती लाजली. एवढ्या वर्षांनी, त्या कामासाठी बसलेली असताना, लाजली. "नाव कुठं घेत व्हते? 'अगं ए' म्हणायचे. बस."

शिडीवरून खाली जाताना पहिल्यांदा उन्हाचा आवाज बंद झाला. उन्हाला आवाज असतो हे तोवर मला माहीत नव्हतं. गळा ओलांडला आणि भिंती एकदम मागं सरकल्या. घागरीच्या आत गेल्यासारखं. घडीव काळे दगड गोलाकार थरांनी रचलेले, प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा जरा आत. मध्ये चुना नाही, माती नाही. दगडानं दगड धरलेला. एका दगडावर अर्धं कमळ कोरलेलं होतं, उलटं. कुठल्यातरी पडलेल्या देवळाचा दगड असेल. बांधणाऱ्यांनी तो आणला आणि जसा बसला तसा बसवला. हे कुणी बांधलं, केव्हा, गावात कुणालाच सांगता येत नाही. पायाखाली ज्वारीचं जे काही झालं होतं ते होतं. काळं, कडक, वर चुरा आणि खाली ढेकूळ. कडेला कडब्याचं अस्तर कुजून दगडांना चिकटलेलं. गारवा होता. लातूरच्या तळघरात होता तसाच, माणसाच्या उपयोगाचा नसलेला गारवा. कंदील माझ्या पायाशी सरळ जळत होता.

वर एक पांढरी चकती आणि तिच्यात दादाचं डोकं. "हायस का?"

"आहे."

"मोठ्यानं बोल!"

"आहे! पंखा बंद करा थोडा वेळ. आवाज होतोय."

पंखा थांबला. ताडपत्रीचा पाइप माझ्याशेजारी हळूहळू हवा जाऊन चपटा झाला. इतकी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. मला माझं गिळणं ऐकू आलं.

इथंच मोठे बाबा उभे होते. इथूनच त्यांनी वर ती पांढरी चकती पाहिली असेल, एवढी जवळ. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "अगं ए." वर्गात 'प्रेझेंट' म्हणायचे तसं. आवाज माझ्या ओठांपासून निघून समोरच्या दगडापाशी संपला.

आणि मग मला कळलं की एवढ्यावर थांबता येईल. वर जायचं. मोठी आई विचारेल, मारलीस का हाक? मारली. हे खोटंही नसेल. ती म्हणेल, काईच आलं न्हाई. आणि ती सुटेल. मला फक्त मी आयुष्यभर जशी बोलत आले तसंच बोलायचं होतं. माझ्या हळू आवाजाचा कुणाला तरी उपयोग व्हावा, अशी ती एकच वेळ होती.

मी कंदिलाकडे बघत राहिले. वर दादा आणि मामू काहीतरी पुटपुटत होते. चुलीपुढं ती बसली असेल, हातात गोळा घेऊन, सगळी कान होऊन. इतकी वर्षं ती हा एक प्रश्न घेऊन बसली होती. तिनं तो सांगायला गावातून मला निवडलं होतं, जिचा आवाज जात नाही तिला. ती भोळी नव्हती. तिला हे माहीत नसेल? की माहीत होतं, म्हणूनच तिनं मला निवडलं? या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते. लातुरात रस्त्यानं चालताना, क्लासच्या मागच्या खोलीत, कधीही.

पण तेव्हा मी एवढा विचार केला नाही. तेव्हा मला फक्त असं वाटलं की इथं, या जागी, एका माणसानं हाक मारली असेल तर ती माझ्याएवढी हळू नसणार.

मी छाती भरून श्वास घेतला. तो आंबूस वास पार आत गेला. आणि मी ओरडले. "अगं ए!" आवाज दगडांना लागून फिरला, वाढला, मलाच येऊन धडकला. तो माझा राहिला नाही. मी पुन्हा ओरडले, त्याहून मोठ्यानं, घसा सोलून निघेपर्यंत. वरून मातीचा चुरा पडला. मग कमरेला हिसका बसला आणि मी शिडीवर आपटत, खरचटत वर ओढली गेले.

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. "येडी झालीस का? केवढ्यानं वरडलीस! मला वाटलं गेलीस तू बी!" दोर सोडायचं त्याच्या लक्षात येईना. मामू कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "बेटीला आवाज हाय की! मी समजत होतो, मुकी हाय." मग त्यांनी पंखा पुन्हा सुरू केला, कशाला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मी तशीच चुलीच्या खोलीत गेले. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर आधी काही दिसलं नाही. मग जाळ दिसला. तव्यावर भाकरी होती, काळी झालेली, कडेनं धूर सोडत असलेली. मोठी आई परातीपुढं बसली होती. हात पिठात, तसेच.

मला विचारायचं धाडस झालं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"आला," ती म्हणाली.

"शब्द कळला?"

तिनं मान हलवली. नाही.

बाहेर दादा मामूंना काहीतरी विचारत होता आणि पंखा घरघरत होता. मला वाटलं, आता ती रडेल. मी पुढं होऊन तिच्याजवळ बसावं की बसू नये, तेही मला ठरवता येईना. ती रडली नाही. तिनं तवा उतरवला. जळकी भाकरी गाईसाठी म्हणून कडेला ठेवली. चुलीतली लाकडं मागं ओढली, त्यांच्यावर पाणी शिंपडलं, आणि धूर विरेपर्यंत बघत राहिली. मग हातांचं पीठ परातीतच चोळून काढलं आणि उठली.

मी तिच्या मागून बाहेर आले. "माय, तिकडं जाऊ नको," दादा म्हणाला. तिनं हातानंच त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि मामूंना पंखा बंद करायची खूण केली. आडवी घातलेली बाज तिनं स्वतः सरकवली. पेवाच्या तोंडाशी ती गुडघ्यांवर बसली. आधी तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून नीट केला.

मग ती आत वाकली आणि चुलीपासून अंगणात ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "ओ."